थेरपिस्टचं लक्ष उडालं तर समोरच्याला कळतं का?

रानजाई

मी पुण्यात गेली अकरा वर्षं समुपदेशनाचं काम करते. या संस्थळावर एरवी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते, कामाबद्दल लिहीत नाही. पण मागच्या आठवड्यात एक प्रसंग झाला आणि तो डोक्यातून जाता जात नाहीये. (समोरच्या व्यक्तीचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.)

संध्याकाळी सातचं, दिवसातलं सहावं सेशन. समोर तिशीतली बाई, चार महिने येतेय. ती भावाबद्दल सांगत होती. मी मान डोलावत होते, "हं, हं" म्हणत होते आणि मनात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा हिशेब चालला होता. मेडिक्लेमवाल्यांना फोन, रात्री सोबतीला कोण, वॉकर भाड्याने मिळतो का. दोन मिनिटं गेली असतील, जास्त नाही. ती वाक्याच्या मधेच थांबली, मांडीवरच्या पर्सची चेन ओढून बंद केली आणि म्हणाली, "तुम्हाला उशीर होतोय का?"

मी म्हणाले, "नाही नाही, बोला ना, ऐकतेय मी."

धडधडीत खोटं. ती पुढे बोलली, पण उरलेली वीस मिनिटं नुसती हवापाण्याची.

लाज कशाची वाटली सांगू? मी चार वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं आनापान (श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं ध्यान) करते. माझ्या माहितीपत्रकावर 'माइंडफुलनेस' (सजगता) हा शब्द छापलेला आहे!

तर प्रश्न दोन. थेरपिस्टने स्वतः सजगतेचा सराव केला तर समोरच्या माणसाशी असलेल्या नात्यात खरंच फरक पडतो, की ते आपलं आपल्यापुरतं समाधान? आणि जे कधी ना कधी समुपदेशकाकडे गेलेत त्यांना: समोरचा 'गेलाय' हे तुम्हाला कळतं का? कशावरून?

खट्याळकाका

आमची ही रोज रात्री विचारते, "ऐकताय ना?" मी म्हणतो, "हो, ऐकतोय." ती म्हणते, "मग काय म्हटलं मी?" आणि मग पुढची वीस मिनिटं हवापाण्याची. फरक इतकाच, की मला कोणी तासाचे दीड हजार देत नाही.

मनीमाऊ_७७

काका :-)

रानजाई, प्रामाणिकपणे लिहिलंत. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते.

उंबरठा

कळतं. शंभर टक्के कळतं.

माझे दोन अनुभव. पहिली थेरपिस्ट मुंबईत होती, नाव मोठं, भिंतीवर सर्टिफिकेटांची रांग. मी बोलायचे आणि ती लॅपटॉपवर टाइप करायची. गंमत म्हणजे मी रडायला लागले की टाइपिंग वाढायचं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या टाइपिंगच्या वेगाने बोलायला लागलेय. ती मागे पडली की मी थांबायचे. डिक्टेशनच झालं ते! सहा सेशननंतर सोडलं.

दुसऱ्या बाई साध्याशा. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी मला थांबवून विचारलं, "तुम्ही 'ठीक आहे' म्हणता तेव्हा दर वेळी पायाचा अंगठा चपलेत आवळता. आत्ताही आवळलाय. काय होतंय?" मी खाली बघितलं. खरंच आवळलेला होता. नवऱ्याबद्दलची जी गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती ती त्या दिवशी बाहेर आली. त्या ध्यानबिन करतात का, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण त्यांचं लक्ष माझ्या अंगठ्यापर्यंत होतं.

निरंजन_वाट

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला बसावं, बाकी सगळ्या गप्पा. पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना. गोयंका गुरुजींनी १९७६ पासून तिथे हे फुकट चालवलं, आणि आता तेच अमेरिकेतून 'माइंडफुलनेस' नावाचं लेबल लावून डॉलरमध्ये परत येतंय. थेरपिस्टने निदान तीन शिबिरं केल्याशिवाय त्याला परवाना देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साधकाचं मन शांत असेल तर समोरच्याचं आपोआप शांत होतं.

चिमटा

> साधकाचं मन शांत असेल तर समोरच्याचं आपोआप शांत होतं.

मग तुमच्या शेजारी बसणारे सगळे शांत असतील. घरच्यांचा अभिप्राय इथे टाका, मग बोलू.

निरंजन_वाट

घरचे अजून शिबिराला गेलेले नाहीत, म्हणून अशांत आहेत.

दुधीभोपळा

'मन शांत' या मुद्द्यावर मला जरा वेगळं म्हणायचंय, कारण मी त्याचा फटका खाल्लेला माणूस आहे.

वडील गेल्यावर आठ-दहा महिने मी एका समुपदेशकाकडे जात होतो. अतिशय शांत गृहस्थ. पांढरा कुर्ता, टेबलावर पितळेची वाटी, सेशनच्या आधी ती टण्णकन वाजवायचे. मी काहीही सांगितलं तरी चेहऱ्यावर तेच मंद स्मित. एकदा मी सांगितलं, की वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवू नका या कागदावर मी सही केली आणि नंतर रात्री घरी येऊन भूक लागली म्हणून मॅगी करून खाल्ली, ते मला अजून सहन होत नाही. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "या भावनेकडे फक्त बघा."

अहो, बघतोच आहे! आठ महिने बघतोय! मला त्या वेळी समोरच्या माणसाचा चेहरा जरासा हललेला हवा होता. समुद्राला सांगून आल्यासारखं वाटलं. परत गेलो नाही.

त्यामुळे रानजाई, तुमचं लक्ष उडालं हे वाईट, पण तुम्हाला लाज वाटली हे मला बरं वाटलं. त्या गृहस्थांना कधी वाटली नसावी.

उंबरठा

दुधीभोपळा, मॅगीचं वाचून थांबले. माझ्या आजीच्या वेळी मी वडापाव खाल्ला होता, हॉस्पिटलच्या खालीच. कोणाला सांगितलं नव्हतं.

बव्हेरियातला_बंडू

मूळ प्रश्नातला पहिला भाग संशोधनाचा आहे म्हणून लिहितो. मी मानसशास्त्रातला नाही, बायको आहे, तिच्याकडून उसनं घेतलंय.

जर्मनीत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, या विषयात सगळे तोच दाखवतात. एका रुग्णालयात शिकाऊ १८ थेरपिस्ट घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला झेन पद्धतीचं ध्यान, दुसऱ्याला काही नाही. नऊ आठवडे, दाखल झालेले १२४ रुग्ण. आपला डॉक्टर ध्यान करतो की नाही, हे रुग्णांना माहीत नव्हतं. ध्यानवाल्यांच्या रुग्णांमध्ये लक्षणं जास्त कमी झाली, एकूण उपचारालाही त्यांनी चांगले गुण दिले.

आता खरी मेख. त्या रुग्णांनी प्रत्येक सेशननंतर जो फॉर्म भरला त्यात तीन भाग होते: माझा गुंता उलगडला का, मार्ग दिसला का, आणि थेरपिस्टशी नातं कसं वाटलं. पहिल्या दोन भागांत ध्यानवाले पुढे. नात्याच्या भागात मात्र ठळक फरक नाही! म्हणजे ज्या अभ्यासाचे ढोल वाजवतात, तोच 'नात्यावर परिणाम होतो का' या प्रश्नावर गप्प आहे.

दुसरीकडे २०१२ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. त्यात जे थेरपिस्ट स्वभावतः जास्त सजग होते, त्यांचं क्लायंटशी जुळलेलं नातं दोन्ही बाजूंनी चांगलं नोंदवलं गेलं. आणि २००६चा तर उलटाच निघाला: ठरावीक पुस्तकी पायऱ्यांनी उपचार करणाऱ्या शिकाऊ लोकांमध्ये जे जास्त सजग, त्यांच्या रुग्णांचा निकाल जरा वाईट. सगळेच नमुने लहान, त्यामुळे यातल्या कशावरच घर बांधू नये.

चिमटा

बंडूशेठ, आणि सजगता मोजतात कशी? थेरपिस्टलाच फॉर्म देतात ना, 'मी वर्तमान क्षणात असतो: नेहमी, कधीकधी, क्वचित'?

बव्हेरियातला_बंडू

बहुतेक वेळा तसंच. स्वतःच स्वतःला गुण.

चिमटा

मग झालंच. ज्याला आपलं लक्ष उडतं हे कळतच नाही तो लिहिणार 'नेहमी वर्तमानात', आणि रानजाईंसारखी बाई लिहिणार 'क्वचित'. निकाल उलटा लागला यात नवल काय?

सरकारी_गोळी

मी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार बघतो. धागा चार दिवस वाचतोय. मजा वाटली आणि थोडा मत्सरही. ५० मिनिटं! एक माणूस! दार बंद! आमच्याकडे सोमवारी ८०-९० केसपेपर असतात. एकाला तीन-चार मिनिटं, दार उघडं, मागचा पेशंट पुढच्याच्या खांद्यावरून वाकून बघतोय, आणि बाहेर कोणीतरी ओरडतंय की आमची एसटी सुटेल. इथे कसली सजगता आणि कसलं काय.

तरी एक गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच मी मागची गोळी रिपीट लिहायला सुरुवात केलेली असते. तेव्हापासून एकच नेम केला: पेशंटचं पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंत पेन टेबलावर. हातात नाही, टेबलावर. बस. याने किती वेळ जातो? मी घड्याळ लावून बघितलं, बहुतेकांचं पहिलं वाक्य दहा-पंधरा सेकंदांत संपतं. पण एका आजोबांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, गोळ्या मी घेत नाही, म्हशीच्या गव्हाणीत टाकतो." दीड वर्ष मी त्यांचा डोस वाढवत होतो!

(म्हैस ठीक आहे. विचारलं होतं.)

निरंजन, तुमच्यासाठी एक. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिर करू नका म्हणतात, ते योग्यच आहे. माझ्याकडे एक मुलगा माहिती लपवून, गोळ्या बंद करून बसून आला आणि नंतर सहा आठवडे वॉर्डात होता. दोष शिबिराचा नाही, लपवण्याचा. पण 'सगळ्यांनी बसावं' असं सरसकट लिहू नका.

निरंजन_वाट

मान्य. सरसकट लिहायला नको होतं.

खट्याळकाका

या संस्थळावर कोणी 'मान्य' लिहिलं? धाग्याला कुलूप लावा, ऐतिहासिक क्षण आहे. आणि त्या म्हशीचा फोटो टाका.

शब्दवेल्हाळ

अवांतर, पण राहवत नाही. 'माइंडफुलनेस'ला मराठीत काय म्हणायचं? वर कोणी सजगता लिहिलंय, कोणी अवधान म्हणेल. मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे संस्कृत 'स्मृति'. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पालीवरून भाषांतर करताना त्याला 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला, आणि तोच रूढ झाला. 'सति'मध्ये 'न विसरणं' आहे. आत्ता काय चाललंय ते न विसरणं. रानजाई विसरल्या, की समोर कोणीतरी बसलंय. इतकं सोपं आहे.

'अवधान' सुंदर शब्द. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच होतो तो श्रोत्यांकडे अवधान मागून. पण तिथे बोलणारा ऐकणाऱ्याकडे मागतो, आणि थोड्याच ओव्यांत लेकरासारखा लडिवाळपणे मागतो. थेरपीत बोलणाऱ्याला मागायची सोय नसते. ती बाई शेवटी "तुम्हाला उशीर होतोय का?" असं आडून मागत होती.

कोकणी_मेवा

'भान' का नको? आमच्याकडे आई म्हणायची, "भानावर ये गो." भान सुटतं आणि भानावर येता येतं, जाणं-येणं दोन्ही त्या शब्दात आहे. सजगता म्हटलं की रात्रपाळीचा वॉचमन डोळ्यासमोर येतो.

मनीमाऊ_७७

भान +१. वॉचमन, हाहा.

पोटोबा_आधी

इगतपुरीचा विषय निघालाच आहे तर. पाच वाजता नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. नंतर जेवण नाही. मला तिसऱ्या दिवशी ध्यानात फक्त मिसळ दिसत होती. तर्री वेगळी, शेव वेगळी, कांदा वेगळा. अनित्य म्हणून सोडून दिली तर दहा मिनिटांनी जास्त तिखट होऊन परत.

खट्याळकाका

तर्रीकडे फक्त बघा.

दुधीभोपळा

काका, आज पहिल्यांदा त्या वाक्यावर हसलो. धन्यवाद.

ठेका_धरा

मी थेरपिस्ट नाही, तबला शिकवतो आणि अधूनमधून साथीला बसतो. तरी मला रानजाईंचा प्रश्न ओळखीचा वाटला, म्हणून लिहितो.

रियाज आणि संगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रियाज न करता साथीला बसलात तर हात चालणार नाही, हे खरं. पण नुसत्या रियाजाने साथ येत नाही. मी पंचविशीत होतो तेव्हा सकाळी चार-चार तास कायदे (तबल्यातल्या ठरावीक बोलरचना) घासायचो आणि संध्याकाळी गायकाच्या मागे बसलो की हात शिवशिवायचे. विलंबित एकताल चाललाय, बाई गंधारावर थांबून काहीतरी शोधतायत, आणि मी ती रिकामी जागा दिसली म्हणून सकाळचा मुखडा भरून टाकला. ताल चुकला नाही. लोकांनी 'वा' पण म्हटलं. बाईंनी मान वळवून एकदाच माझ्याकडे बघितलं. नंतर ग्रीनरूममध्ये म्हणाल्या, "छान वाजवलंस. कोणासाठी?"

आता मी वाजवताना गाणाऱ्याचा खांदा बघतो. श्वास घेताना उचलला जातो, त्यावरून पुढची आवर्तनं कशी जाणार ते थोडंफार कळतं. आणि भटकतो ना मीही! आयकराचं रिटर्न आठवतं, गाडी नो-पार्किंगमध्ये लावलीय ते आठवतं. पण ठेका चालू असतो आणि परत आलो की सम (तालाची पहिली मात्रा) कुठाय ते शोधून घेतो. न भटकणारा साथीदार मी तरी पाहिलेला नाही. हरवलोय हे मान्य न करता जोरजोरात वाजवणारे मात्र पुष्कळ पाहिलेत.

ते पितळी वाटीवाले गृहस्थ सकाळचा रियाज तुमच्या सेशनमध्ये वाजवत होते, दुधीभोपळा.

शब्दवेल्हाळ

दंडवत. वाचनखूण साठवली.

रानजाई

ठेका_धरा, "कोणासाठी?" हे मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवणार आहे.

चिमटा यांचं म्हणणं पटलं, फॉर्मचं. आमच्याकडे 'अलायन्स' म्हणतात, म्हणजे दोघांचं मिळून काय करायचंय, कसं करायचंय यावर एकमत आणि एकमेकांवर विश्वास. १९७९ मध्ये बोर्डिन यांनी ही तिपेडी मांडणी केली. त्यावर अभ्यास पुष्कळ आहेत, २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले, ३० हजारांवर रुग्ण. नातं जुळलं तर गुण येतो हे त्यातून बऱ्यापैकी नक्की दिसतं, अर्थात गुण येण्यामागे फक्त नातंच असतं असं नाही. ते नातं सजगतेमुळे जुळतं का, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे बंडू म्हणतात तशी जमीन भुसभुशीत आहे.

आणि लॅपटॉपवरून आठवलं. फ्रॉइडने १९१२ मध्येच डॉक्टरांना सांगून ठेवलंय, की सेशन चालू असताना टिपणं काढत बसू नका, लक्ष सगळीकडे सारखं तरंगतं ठेवा. मुद्दाम एक धागा पकडलात की जे आधीपासून अपेक्षित होतं तेवढंच सापडतं. माझं लक्षही तरंगतच होतं म्हणा, पण ते थेट ऑर्थोपेडिक वॉर्डात.

आता तिसरा प्रश्न विचारते, जो पहिल्या पोस्टमध्ये विचारायची हिंमत झाली नव्हती. ती परवा येणार आहे. मी तिला खरं सांगावं का?

वकिली_बाणा

थांबा. त्याआधी एक. क्लायंटच्या सेशनमधला प्रसंग तुम्ही जाहीर संस्थळावर लिहिताय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तपशील बदललेत असं तुम्ही म्हणता, पण पर्सची चेन तिने वाचली तर ती स्वतःला ओळखणार नाही का?

रानजाई

पर्स नव्हती. चेनही नव्हती. वेगळंच काहीतरी होतं, जे मी इथे लिहिणार नाही. भाऊसुद्धा भाऊ नाही. पण तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि टोचला. आमच्यात एक सिनियर ताई आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा मी केस घेऊन जाते. हे आधी तिथेच न्यायला हवं होतं. काल नेलं.

वकिली_बाणा

ठीक. मग माझा आक्षेप मागे. (काका, हाही ऐतिहासिक क्षण मोजा.)

साळुंकी

खरं सांगू नका, असं मला वाटतं. क्लायंटच्या बाजूने बोलतेय. मी पैसे देऊन, घरात खोटं सांगून, दोन बस बदलून जायचे. तिथे जर मॅडम म्हणाल्या असत्या, की माझं लक्ष नव्हतं, माझ्या आईचं ऑपरेशन आहे, तर मी काय केलं असतं माहितीये? "अरे बापरे, कशा आहेत आई? कुठलं हॉस्पिटल?" आणि उरलेला तास मी त्यांची काळजी घेतली असती. आयुष्यभर मी हेच करत आलेय, तेच सोडवायला तर तिथे जात होते!

उंबरठा

साळुंकीशी अर्धी सहमत. आईचं सांगू नका. पण 'माझं लक्ष गेलं होतं' एवढं सांगा. कारण तिला कळलेलं आहे. तिला जे कळलं ते खोटं आहे असं तुम्ही तिला सांगितलंत, आणि हे जास्त वाईट. माझ्या सासरी हेच चालायचं. मला दिसायचं, मी विचारायचे, आणि सगळे म्हणायचे, "कुठे काय? तुलाच वाटतं." दहा वर्षांनी मला माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता.

सरकारी_गोळी

उंबरठा यांच्या प्रतिसादाला माझी सही. कारण सांगू नये, घडलेलं नाकारू नये.

निरंजन_वाट

मी आधी फार ठाम लिहिलं होतं. घरी हा धागा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही शिबिराहून आलात की चार दिवस छान ऐकता, पाचव्या दिवसापासून मला ऐकायला शिकवता." इथे नोंदवून ठेवतो, चिमटा यांनी अभिप्राय मागितला होता.

चिमटा

वहिनींना आयडी घ्यायला सांगा. अशा सदस्यांची गरज आहे.

मनीमाऊ_७७

रात्री लिहिते म्हणाले होते, त्याला नऊ रात्री झाल्या. सगळं लिहून झालंय तुमचं. मी ऑनलाइन सेशन घेते (मुलांचं स्पीच थेरपीचं काम, समुपदेशन नव्हे), त्यातली एक गंमत टाकते. स्क्रीनवर मी बरेचदा मुलाकडे न बघता खालच्या चौकोनातल्या माझ्याच चेहऱ्याकडे बघत असते. केस नीट आहेत का! आता तो चौकोन बंद करते. पहिल्या दिवशी एका सहा वर्षांच्या पोराने विचारलं, "ताई, आज तू चष्मा बदलला का?" बदलला नव्हता.

रानजाई

ती येऊन गेली. तिला विचारून लिहितेय, आणि काय लिहितेय तेही दाखवलंय.

बसल्या बसल्या मी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही मला विचारलंत, उशीर होतोय का. माझं लक्ष खरंच दुसरीकडे गेलं होतं. मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं." आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं हो. 'सॉरी, आईचं ऑपरेशन' जिभेवर आलं होतं. छातीत ठोके ऐकू येत होते. सकाळच्या वीस मिनिटांचा उपयोग झाला असेल तर तो इथे झाला, त्या ठोक्यांसकट बसून राहता आलं एवढाच.

ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही पंख्याकडे बघताय. तो वाजतो."

खरंच वाजतो. दोघी हसलो. मग बराच वेळ ती पंख्याबद्दलच बोलली, आणि नंतर जेवणाच्या टेबलाबद्दल, तिथे कोण कोणाकडे बघतं त्याबद्दल. पुढचं इथे नाही.

पण एक सांगायला हवं, नाहीतर ही गोड गोष्ट होईल. त्या दिवसापासून ती बोलताना दर थोड्या वेळाने थांबून माझ्याकडे बघते. तपासते. पूर्वी बघत नव्हती, खाली बघून सलग बोलायची. आता वाक्य तुटतं, माझा चेहरा बघते, मग पुढे जाते. तिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला सुरुवात केली असं म्हणू, की मी तिच्या बोलण्यात एक अडथळा आणून ठेवला असं म्हणू? ताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन महिने थांब आणि तिलाच विचार."

साळुंकी

मी चुकीची ठरले याचा आनंद आहे. अर्धी.

ठेका_धरा

नव्या साथीदाराकडे गायक सुरुवातीला असंच वळून वळून बघतो.

दुधीभोपळा

रानजाई, आई कशा आहेत? आम्ही क्लायंट नाही, आम्हाला विचारायला चालेल ना?

रानजाई

चालेल, आणि बरं वाटलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जाते आणि समोरच्या गॅलरीत कोण काय वाळत घालतंय ते सांगते. तिचं लक्ष कुठेही उडत नाही.

खट्याळकाका

आणि पंखा?

रानजाई

बेअरिंग गेलं होतं. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणालाय. गेले तीन मंगळवार तो उद्याच येतोय.